हीटरमधून गार हवा येत असेल तर डॅशबोर्ड खोलू देऊ नका, आधी थर्मोस्टॅट बघा

भाऊ, तुमची जुनी डिझेल गाडी, हीटर फुल्ल केला तरी गारच हवा यायलीय, रस्त्यावर टेम्परेचरचा काटा अर्ध्यापर्यंत येतच नाही, उन्हाळ्यात गाडी तापायली म्हणून कूलिंगचं काम करून घेतलं होतं आणि आता मिस्त्री म्हणतोय हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, ज्यात इंजिनाचं गरम पाणी फिरतं) गेला, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. तर माझं सरळ म्हणणं, डॅशबोर्डला अजिबात हात लावू देऊ नका. तुमच्या लिहिण्यावरून मला कोअरपेक्षा थर्मोस्टॅटचा संशय जास्त येतोय.

आपल्याकडं मे महिन्यात गाडी तापली की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. गाडी तात्पुरती थंड पडते, गिऱ्हाईक खूश. पण थर्मोस्टॅटचं कामच हे की इंजिन साधारण ८२ ते ९० डिग्रीला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ द्यायचं नाही. तोच काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं, आणि परभणीच्या डिसेंबरात पहाटे पारा पाच-सहावर असताना हायवेच्या वाऱ्यात डिझेल इंजिन गरमच होत नाही, मग हीटरला ऊब येणार कुठून, तो इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो ना. वरून इंजिन थंड चालल्यामुळं डिझेल जास्त खातं आणि झीजही वाढते. म्हणून त्या मिस्त्रीला आधी विचारा की थर्मोस्टॅट आत आहे का. असला तर उघडा अडकलाय का ते बघायला सांगा. कोअर आणि डॅशबोर्ड उतरवायच्या मजुरीपुढं हा पार्ट लईच स्वस्त आहे.

पण त्याच्याही आधी इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी गाडी चालू करायच्या आधी, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी काठापर्यंत आहे का बघा. गरम इंजिनावर झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. नुसती बाजूची बाटली बघून भागत नाही, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असंही होतं. पाणी कमी असलं तर गेलं कुठं ते शोधाच. पाइप, वॉटर पंप बघा, ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस किंवा सायलेन्सरमधून सारखा पांढरा धूर दिसला तर हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेल्याचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका. पाणी कमी असल्यामुळंही हीटर गार पडतो, आणि कधीकधी काट्याच्याही आधी तोच सांगतो, म्हणून तुम्ही लिहिलंय तसं आईला पहाटे जिंतूर-मंठा मार्गे संभाजीनगरला न्यायच्या आधी हे बघाच.

आता पाइपची परीक्षा. इंजिन चांगलं गरम झाल्यावर हीटर फुल्ल ठेवा, गाडी बंद करा आणि इंजिन व केबिनच्या मधल्या पत्र्यात जाणारे दोन रबरी पाइप सांभाळून चाचपा. दोन्ही कडक गरम असले तर कोअरमध्ये पाणी फिरतंय, दोष आतल्या फ्लॅपचा, म्हणजे गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेचा, किंवा त्याच्या केबलचा, ऑटोमॅटिक एसी असला तर मोटरचा. एक गरम, एक गार म्हणजे कोअर चोक झालाय किंवा जुन्या गाड्यांत असतो तो हीटरचा कॉक बंद अडकलाय. दोन्ही कोमट असले तर थर्मोस्टॅट, कमी पाणी नाहीतर एअर लॉक, म्हणजे पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा. उभ्या गाडीत गार आणि रेस दिली की ऊब, असं होत असेल तर हवा अडकलेली असते, किंवा पंप कमजोर.

चोक झाला असेल तर कारण बहुतेक बोअरचं पाणी. आपल्या बोअरला क्षार किती ते घरातल्या गिझरची कॉइल काढली की दिसतं, तेच थर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतात. अशा वेळी दोन्ही पाइप काढून कमी प्रेशरनं उलट्या बाजूनं पाणी सोडा, गाळ निघून जाईपर्यंत. बऱ्याचदा तेवढ्यावर मोकळा होतो. नंतर कंपनीनं सांगितलेलं कूलंट भरा, पातळ करायचं तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको. भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर फुल्ल, झाकण उघडं, गार इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा.

डॅशबोर्ड खोलायची वेळ कधी, तर शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं असेल, केबिनमध्ये कूलंटचा गोडसर वास येत असेल, काचेवर आतून चिकट धूसर थर बसत असेल तर. मग कोअर खरंच लीक आहे. यातलं काही नसेल तर आधी थर्मोस्टॅट बघून घ्या आणि काटा मध्यावर येतो का ते इथं लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.