एचआयव्ही मेंदूतल्या कोणत्या पेशींत शिरतो? रक्तातला व्हायरल लोड (विषाणूचं प्रमाण) दाबलेला असूनही विसरभोळेपणा येतो का?

दुसऱ्याचं आधी सांगते: हो, येऊ शकतो. "रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे हा नाटकं करतोय" हे माझ्या दादाबद्दल काकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की हा प्रश्न बघून गप्प बसवेना.

दादा बरीच वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, आहे. गोळी चुकवत नाही. दुकानातली उधारीची वही त्याच्याकडेच असायची. एकाच गिऱ्हाइकाची उधारी दोनदा मांडली जाऊ लागली. शर्टाची बटणं लावताना बोटं रेंगाळायची, चालताना पाय अडखळायचा. घरच्यांचं निदान तयार होतं: टेन्शन, नाहीतर दारू. दारूला तो शिवतही नाही! डॉक्टरांनीही आधी रक्ताचा रिपोर्ट बघून परत पाठवलं. शेवटी एका न्यूरोलॉजिस्ट बाईंनी मणक्यातलं पाणी काढायला लावलं. रक्तात न सापडणारा विषाणू त्या पाण्यात सापडला. त्या पाण्याला सीएसएफ म्हणतात, आणि या प्रकाराला सीएसएफ एस्केप. त्यांनी औषधं बदलली, मग हळूहळू फरक पडला.

आता पेशी. न्यूरॉनमध्ये, म्हणजे मेंदूच्या चेतापेशींमध्ये, एचआयव्ही शिरत नाही. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच तो बाधित टी पेशी आणि मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींबरोबर मेंदूत पोचतो आणि रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेजमध्ये व मायक्रोग्लियामध्ये, म्हणजे मेंदूच्या पहारेकऱ्यांमध्येच, मुक्काम ठोकतो. विषाणू ज्याला धरून पेशीत शिरतो ते सीडी४ प्रथिन या पेशींवर कमी असतं, पण मेंदूत रुळलेल्या विषाणूला तेवढं पुरतं. जोडीला पेशीवरचंच सीसीआर५ हे दुसरं प्रथिन लागतं. मायक्रोग्लिया वर्षानुवर्षं जगतात, म्हणून तोही तिथे टिकतो. न्यूरॉनचं नुकसान होतं ते या पेशींनी सोडलेल्या दाहक रसायनांमुळे आणि विषाणूच्या जीपी१२०, टॅट या प्रथिनांमुळे.

भारतात जास्त आढळणारा एचआयव्हीचा सी उपप्रकार मेंदूला सौम्य असतो, असंही काका कुठूनतरी वाचून आले होते. टॅटमधल्या एका बदलामुळे काही संशोधक तसं मानतात खरं, पण तेवढ्यावरून आजारी माणसाला खोटं पाडायचं?

आणि हो, सीएसएफ एस्केप क्वचितच होतं. प्रत्येक विसरभोळेपणामागे तेच नसतं. बी१२, थायरॉइड, नैराश्य, टीबी किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांचा दाह) हेही बघावं लागतं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पण लक्षणं वाढत असतील तर नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर परत फिरू नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवाच.

काका, तुम्ही हे वाचत असाल तर मणक्याच्या पाण्याचा रिपोर्ट दादाच्या फाइलमध्ये आहे. येऊन बघा, आणि त्याच्याशी बोला.