दसरा काढायला मुलीला पाठवू का?

प्रश्न : मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते. नागाळा पार्क आणि ताराबाई पार्कात मिळून चार घरी धुणी-भांडी, केर-फरशी करते. एका घरी माझा चहाचा कप अजून वेगळा ठेवतात. मुलगी बी.कॉम. झाली. दोनदा पोलिस भरती दिली, लेखीत मार्क कमी पडले. आता म्हणते भरती नको, लोकांचा दसरा काढून, म्हणजे अख्खं घर साफ करून द्यायचा स्वतःचा धंदा करते. एका घराचे अडीच हजार, महिन्याला पंचवीस घरं, असा हिशेब तिनं वहीत मांडलाय. मी जे आयुष्यभर केलं ते हिनं करू नये म्हणून तिला शिकवलं. मी तिला अंबाबाईची शपथ घातली आहे. महिना झाला, तिच्याशी बोलत नाही. तुम्ही तिला समजावून सांगा.

उत्तर : ताई, तिला समजावायचं नंतर बघू. आधी तुमच्याशी बोलते. लेखीचे मार्क मी वाचले आणि पुढं गेले. ‘महिना झाला, बोलत नाही’ इथं मात्र थांबले. एका घरात राहून आईचा अबोला सोसणारी मुलगी कसला अभ्यास करणार? शपथेखातर ती तिसऱ्यांदा फॉर्म भरेल, लेखीत पुन्हा तेवढेच मार्क घेईल, आणि त्याचा दोष तुम्ही तिला द्याल, ती तुम्हाला. शपथ मागे घ्या. देवीला यात ओढू नका.

तुमची भीती मला खोटी वाटत नाही. वेगळा कप तुम्ही पाहिलाय, मी नाही. खाड्याचे पैसे कापणं, काही हरवलं की आधी कामवालीकडं बघणं, हेही तुम्हीच सोसलंय. छापील टी-शर्ट घालून गेली की मुलीला सगळे पाटावर बसवतील, असं मी सांगणार नाही. फरक पडतो तो एकाच गोष्टीनं : घर सोडता येण्यानं. तुम्हाला चारच घरं आहेत. त्यातलं एक गेलं तर महिन्याच्या किराण्याला भोक पडतं, म्हणून तो कप तुम्ही चालवून घेतला. जिच्याकडं वीस गिऱ्हाइकं आहेत ती त्या घराचा नंबर काढून टाकते. मुलीला हे उमगलंय असं मला वाटतं, फक्त सांगता आलेलं नाही.

आता तिची वही. तो हिशेब चुकीचा आहे, आणि हे तिलाही वाचायला द्या. पंचवीस घरं म्हणजे साडेबासष्ट हजार, हे कागदावर. दोन खोल्या-किचनचं घर माळ्यापासून बाथरूमपर्यंत नीट काढायचं तर दोघींचा जवळजवळ पूर्ण दिवस जातो. जळमटं, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, शेगडीमागच्या चिकट टाइल्स, बोअरच्या पाण्याचे नळावरचे पांढरे डाग. शिवाय गिऱ्हाईक रोज मिळत नाही. गणपतीच्या आधी आणि घट बसायच्या आधी सगळ्या कोल्हापूरला एकदमच दसरा काढायचा असतो, आणि आषाढाच्या झडीत गाद्या-पडदे कुणी बाहेर काढत नाही. दहा घरं धरा. पंचवीस हजार. पेट्रोल आणि सामानाचे तीन हजार गेले, बावीस राहिले. दुसरी बाई परकी असेल तर त्यातले निम्मे तिचे. साठ हजारांचे अकरा झाले.

पण ती दुसरी बाई तुम्ही असाल तर बावीसच्या बावीस घरात राहतात.

म्हणून माझं म्हणणं तुम्ही विचारलंत त्याच्या उलट आहे. धंदा दोघींनी करा. कुठल्या फरशीला काय चालतं हे बी.कॉम.मध्ये शिकवत नाहीत. संगमरवरावर ॲसिड टाकलं तर चकाकी जाते, आणि नुकसानभरपाई तुमच्याकडं मागतात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये त्यानं जीवही जाऊ शकतो. यातलं बरंच तुमच्या हातांना ठाऊक आहे. हिशेब, फोन, पावती तिची. चार घरांपैकी दोन सोडा, दोन राहू द्यात, म्हणजे दर महिन्याला काहीतरी ठरलेलं येईल. कप वेगळा ठेवणारं घर सोडायच्या दोनात घ्या. गुडघे टेकून फरशी पुसणं आता बंद, लांब दांड्याचं मॉप घ्या.

सणांच्या कामावर वर्ष निघत नाही. राजारामपुरीत, रुईकर कॉलनीत मुलं पुण्याला किंवा परदेशात आणि आई-वडील इथं एकटे, अशी घरं आहेत. पंधरा दिवसांतून एकदा किचन-बाथरूम करून द्यायचं आणि पैसे मुलानं परस्पर पाठवायचे, अशी बोली करा. भाडेकरू सोडून गेलेले फ्लॅट, रंगकाम झालेली घरं हेही काम वर्षभर असतं.

चोरीचा आळ हा या कामातला खरा धोका. दागिने-पैसे कपाटात कुलूपबंद करून घ्या, घरातलं कुणीतरी हजर असल्याशिवाय सुरुवात करू नका, आधीचे आणि नंतरचे फोटो विचारून काढा. नव्या घरी एकटीनं जायचं नाही, हा नियम मुलीनं माझ्याकडून लिहूनच घ्यावा. घरकाम करणारी बाई २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यातही येते. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते.

कागदपत्रांचा बाऊ नको. छोट्या धंद्याची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी लागत नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण पहिल्या वर्षी काढू नका. मोठं मशीन लागलंच तर भाड्यानं आणा. घरेलू कामगारांसाठी राज्याचा २००८ चा कायदा आणि कल्याण मंडळ आहे. तुमची नोंदणी झाली नसेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. स्टुलावरून पडायचं काम आहे, तेव्हा बँकेतून वर्षाला वीस रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा दोघींचाही काढा. त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात.

भरतीचं म्हणाल तर वय आहे तोवर द्यायची असेल तर देऊ दे, पण तिला वाटलं तर.

यंदा घट बसायच्या आधी ओळखीतली तीन-चार घरं घेऊन बघा. घर बघायला जाल तेव्हा आकडा तुम्ही सांगा, मुलीला सांगू देऊ नका. ती नवी आहे, लाजून कमी सांगेल. आणि मालकीणबाई ‘आमच्या बाईला सांगितलं असतं तर पाचशेत केलं असतं’ म्हणाल्या, तर त्यांना म्हणावं, मग तुमच्या बाईलाच सांगा.