आधी सांगा, मागचं पुस्तक कोणतं?

कुमारवयातल्या मुलांना कोणत्या कादंबऱ्या द्याव्यात, असं विचारणारी बरीच पत्रं आली. बहुतेकांत मुलाचं वय आहे, इयत्ता आहे, एका पत्रात तर टक्केही आहेत. त्याने आपणहून संपवलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, ते मात्र नाही. शाळेच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलामागे मी २६ वर्षं बसले, आणि समोर आलेल्या मुलाला पहिला प्रश्न हाच विचारायचे. ज्या पत्रांत त्याचं उत्तर सापडलं, ती इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा आहे. ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ची तीच ती पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचतो. एखादं खरं पुस्तक हातात दिलं की दोन पानांत मिटतो. काय करू?

उत्तर : आधी ते ‘खरं’ काढून टाका. मुलांना असले शब्द बरोबर ऐकू येतात. तेच पुस्तक पुन्हा वाचणं हा काही आजार नव्हे. आपणही आवडतं गाणं एकदाच ऐकून थांबतो का?

त्याला त्या पुस्तकांत काय धरून ठेवतं ते बघा. माझ्या मते नुसती चित्रं नव्हेत. त्यांचा नायक ग्रेग आपली गोष्ट आपल्याच तोंडाने सांगतो, शहाणपणाचा आव आणत नाही आणि त्याच्या युक्त्या त्याच्याच अंगाशी येतात. म्हणजे मुलाला फजिती होणारा नायक हवाय, आणि तोही छोट्या छोट्या घासांत. लुई सॅकर यांची ‘होल्स’ (१९९८) आणा. स्टॅन्ली नावाच्या मुलावर बूट चोरल्याचा खोटा आळ येतो आणि त्याची रवानगी होते एका छावणीत. छावणीच्या नावात तळं आहे, जागेवर नुसतं माळरान. तिथे प्रत्येक मुलाने रोज पाच फूट खोल, पाच फूट रुंद खड्डा खणायचा. कशासाठी, ते कोणी सांगत नाही. कांदे, सरडे, कुठल्याशा पणजोबाची गोष्ट, सगळं उगाच आलंय असं वाटत राहतं आणि शेवटी एकेक जागच्या जागी बसतं. प्रकरणं ५०, त्यातली बरीचशी दोन-चार पानांची.

देताना ‘वाच’ म्हणू नका. पहिली तीन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा, ऐन रंगात थांबा आणि पुस्तक तिथेच ठेवून कामाला लागा.

मराठीत फास्टर फेणे आहेच. पण भा. रा. भागवतांचा बन्या बहुतेक वेळा जिंकतो. तुमच्या चिरंजीवांना हरणाऱ्याची गंमत वाटते, तेव्हा तो आत्ताच रुचेल याची खात्री मी देणार नाही.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची. ‘पर्सी जॅक्सन’ची मालिका संपवली. आता ‘हंगर गेम्स’ हवंय, वर्गात सगळ्यांनी वाचलंय म्हणते. त्यात मुलंच मुलांना मारतात असं कळलं. देऊ का?

उत्तर : प्रकाशक ढोबळमानाने ८ ते १२ या वयाला ‘मिडल ग्रेड’ म्हणतात आणि १२ ते १८ला ‘यंग अॅडल्ट’. तुमची लेक नेमकी उंबरठ्यावर आहे. शिवाय मुलांना आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या नायकाबद्दल वाचायला आवडतं. मालिकेच्या सुरुवातीला पर्सी १२ वर्षांचा आहे, ‘हंगर गेम्स’ची नायिका कॅटनिस १६ची.

पण वयाहून मोठा फरक वेगळाच आहे. पर्सीवर कितीही राक्षस धावून आले तरी त्याला परतायला एक छावणी आहे, पाठीशी उभी राहणारी मोठी माणसं आहेत. कॅटनिसला मोठ्यांनीच रिंगणात उतरवलंय. २४ मुलं, आणि नियमाने जिवंत सुटणार एकच. लेखिका सुझान कॉलिन्स मारामारीची चव घेत नाहीत. बघणाऱ्यांना तिची चटक कशी लागते ते दाखवतात. मी दिलं असतं. फक्त तुम्हीही वाचा, आणि तिच्या आधी तपासायला म्हणून नको, तिच्या बरोबरीने.

पातळ पुस्तक हलकं असतं, असंही समजू नका. लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’ला (१९९३) मुलांच्या पुस्तकांसाठीचं न्यूबेरी पदक मिळालं. नायक १२ वर्षांचा, पुस्तक छोटंसं. त्यात नायकाचे वडील त्यांचं नेहमीचं काम करत असतात, असा एक प्रसंग आहे. ते पान उलटल्यावर मला बराच वेळ पुढे वाचवेना.

प्रश्न : भाचीची जिवलग मैत्रीण अपघातात गेली. ती सहावीत आहे, प्राण्यांच्या गोष्टी आवडीने वाचते. दुःखातून सावरायला मदत करील अशी कादंबरी सुचवा.

उत्तर : इथे मी एकदा चुकले आहे. भाऊ गेलेल्या एका मुलीला मी महिन्याभरातच ‘ब्रिज टू टेराबिथिया’ दिली होती. कॅथरीन पॅटरसन यांच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली, त्या दुःखातून ही कादंबरी आली. पुस्तक अस्सल आहे, शंकाच नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलीने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “यातपण?” त्या वर्षी तिने विनोदी पुस्तकांखेरीज काही नेलं नाही. मी निमूटपणे रजिस्टरमध्ये नोंदी करत राहिले.

तेव्हा भाचीला सध्या दुःखाचं पुस्तक नको. प्राणी आवडतात तर प्राणीच द्या, पण शेवट आधी तुम्ही वाचा. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ माझं अतिशय लाडकं, तरी आत्ता ते कपाटातच राहू द्या. जेराल्ड डरेल यांचं ‘माय फॅमिली अँड अदर अॅनिमल्स’ बघा. कादंबरी नव्हे, बालपणीच्या आठवणी आहेत. घरभर विंचू, कासवं, पक्षी आणि त्यांना वैतागलेली भावंडं. इंग्रजी जड गेलं तर शेजारी बसून वाचून दाखवा. ती मैत्रिणीबद्दल बोलली तर ऐका. पुस्तक मध्येच राहिलं तरी चालेल.

प्रश्न : मी १५ वर्षांचा आहे. कुमारकादंबऱ्या बाळबोध वाटतात, मोठ्यांच्या रटाळ. ‘शाळा’ दोनदा वाचली. तसं अजून काय आहे? आणि पुस्तक अर्धवट सोडलं तर चालतं का?

उत्तर : चालतं. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः शिक्षक होता, १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. पानं गाळणं आणि पुस्तक अर्धवट टाकणं, दोन्ही त्यात आहेत.

तुझी तक्रार रास्त आहे. मराठीत तुझ्या वयासाठी वेगळं कपाट फारसं झालंच नाही. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ही मोठ्यांच्याच कपाटात असते, नववीतला मुकुंद तिथे तुम्हाला आपला आपण सापडतो. मग त्याच कपाटात आणखी शोधू. प्रकाश नारायण संतांचा लंपन तुझ्याहून लहान आहे, पण ‘वनवास’ लहानांसाठी लिहिलेलं नाही. कथा आहेत, सावकाश चालतात. भाषेत शिरायला एखादी कथा जाऊ दे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ तर वानरांच्या टोळीची गोष्ट आहे. टोळीत कोणाचं चालतं, कोणाला हुसकावतात, हे नववी-दहावीत बसणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

इंग्रजी वाचत असशील तर ‘द आउटसायडर्स’ घे. एस. ई. हिंटन हिने ती लिहायला घेतली तेव्हा ती तुझ्याच वयाची होती. १९६७ साली पुस्तक बाहेर आलं तेव्हा १८ची.

यातलं एखादं सोडलंस, तर कितव्या पानावर सोडलंस ते मला लिही. पुढचं त्यावरून सांगते.