सुपरहिरोची छाती आणि शून्याचा रिपोर्ट

चौदा महिने प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत, दोष कुणात? लालबागचं एक जोडपं हा प्रश्न घेऊन आलं. तिची सोनोग्राफी, हार्मोन्स, गर्भनळ्यांचा एक्स-रे, सगळं झालेलं आणि नॉर्मल. त्याची एकही तपासणी नाही. बत्तीस वर्षांचा, सुपरहिरोसारखी छाती. त्याच्यात काय कमी असणार, असं घरच्यांनी धरूनच चाललेलं. हे चुकीचं आहे. वीर्यतपासणी सोपी, बिनदुखीची; ती आधी व्हायला हवी.

तो कॉमिक्सवेडा. म्हणाला, "सुपरमॅन आणि त्याची बायको लोइस लेन यांना तरी मूल झालं असतं का?" शरीरशास्त्राच्या हिशेबाने कठीणच. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. इतक्या जवळच्या जाती, तरी त्यांच्या ६३ गुणसूत्रांच्या खेचराला सहसा पिल्लू होत नाही. सुपरमॅन तर १९३८ पासून परग्रहावरचा जावई! शिवाय पोलादी दंडांचा इथे उपयोग नाही. शुक्राणू मिनिटाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतो.

"अरे, ती इंजेक्शनं सांग ना," ती हळूच म्हणाली.

जिममध्ये कुणीतरी दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, आठ महिने. घोळ इथेच होता. इमारतीच्या टाकीत टँकरचं पाणी ओतलं की फ्लोट वर येतो आणि नळाचं पाणी बंद होतं, तसंच हे. रक्तात बाहेरचं हार्मोन भरलं की मेंदूतली पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स सोडणं थांबवते. वृषणात टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कित्येक पट जास्त लागतं. ते तिथेच बनायचं थांबतं आणि शुक्राणूही. दंड फुगतात, वृषणं आक्रसतात.

वीर्याचा रिपोर्ट आला: शुक्राणू शून्य. सामान्य मानली जाणारी खालची मर्यादा मिलिलिटरला १.६ कोटी. तो रडला. तिने त्याचा हात धरून ठेवला.

इंजेक्शनं बंद, पण अँड्रॉलॉजिस्टच्या, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाच्या डॉक्टरच्या, देखरेखीखाली; एकदम थांबवलं की थकवा, उदासी येते, इच्छाही मरते. जिमवाल्याच्या सल्ल्याने दुसऱ्या गोळ्या अजिबात नकोत. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून फक्त जीव घाबरतो. संख्या परतायला बहुतेकांना सहा महिने ते वर्ष, काहींना त्याहून जास्त.

पुढच्या नमुन्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन नको. नमुना घ्यायला साधा कंडोम वापरायचा नाही, पहिला थेंब सांडू द्यायचा नाही. सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. घरून नेणार असाल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, आणि तासाभरात लॅबमध्ये. दादरच्या गर्दीची वेळ टाळूनच निघा.