वर्गातले प्रश्न : ‘सर, मले काय भेटते?’

प्रश्न : मॅडम, मी आर्णी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जि. प. शाळेत तिसरी आणि चौथी एकत्र सांभाळतो. डी.एड.ला स्किनर हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अभ्यासाला होता; ज्या वागण्याचं फळ मिळतं ते वागणं वाढतं, हा त्याचा वर्तनवाद. ते डोक्यात ठेवून शाळा उघडली तेव्हाच भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावला. हजेरीला एक चांदणी, गणिताला एक, वाचनपेटीतलं गोष्टीचं पुस्तक वाचलं की एक. दहा झाल्या की पेन्सिल. दिवाळीपर्यंत पोरं उड्या मारत काम करायची. आता वजाबाकी फळ्यावर लिहायचा अवकाश, की वही उघडायच्या आधीच विचारतात, ‘सर, केलं तर मले काय भेटते?’ गोष्टीच्या पुस्तकाला तर चांदणीशिवाय कोणी हात लावत नाही. शिवाय तिसरीतला एक मुलगा सतत पट्टीने डबा वाजवतो. रोज रागावतो, पण काडीचा फरक नाही. वर्तनवाद खरंच वर्गात कामाचा आहे, की फक्त पेपरात लिहायचा?

उत्तर : सर, कामाचा आहे, आणि तुमच्यासारख्या दोन वर्ग एका खोलीत असलेल्या शाळेत तर फारच. पण तुम्ही तीन निराळ्या गोष्टी एकाच चांदणीला बांधल्या आहेत. त्या सोडवाव्या लागतील.

हजेरीची चांदणी उद्याच काढून टाका. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडची मुलगी घरी राहते ती धाकट्या भावाला सांभाळायला, नाहीतर आईसोबत वावरात जाते. हा निर्णय तिचा नसतो. जी गोष्ट मुलाच्या हातात नाही तिला प्रबलन, म्हणजे वागणं पक्कं करणारं फळ, देऊन काहीही वाढत नाही. होतं एवढंच, की ती आठवड्याने वर्गात येते आणि तिच्या नावापुढची रिकामी रांग सगळ्यांना दिसते. हे बोलणं तिच्या आईबापाशी करायचं असतं, संध्याकाळी घरी जाऊन. आणि ती परत आली त्या दिवशी बुडालेलं काम तिच्यापुढे ढीग करून ठेवू नका. आल्या आल्या जमेल असं एक काम द्या.

पुस्तकाची चांदणीही काढा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. या मुलांना मुळातच रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं की प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत ती पेनं समोर ठेवली, तेव्हा बक्षीस कबूल करून घेतलेली मुलं बाकीच्यांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे बिघाड ठरलेल्या सौद्यात होता. पोरांना गोष्टी आवडतच होत्या, सर. तुम्हीच वाचून दाखवा आणि ऐन रंगात आल्यावर थांबून पुस्तक पेटीत ठेवा. मधल्या सुट्टीत त्याच पुस्तकासाठी भांडणं होतील.

राहिली वजाबाकी. इथे प्रबलन हवंच, कारण हातच्याची वजाबाकी कोणत्याही पोराला जन्मतः आवडत नाही. फक्त ते पेन्सिलीचं नको. १९५३ साली स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या : केलेलं बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हतं, आणि सगळ्यांना एकाच गतीने चालावं लागत होतं. तिथून त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं. यंत्र आपल्याला नको, त्यातली गोम घेऊ. आज सोडवलेलं गणित तुम्ही उद्या तपासता तेव्हा ‘बरोबर’ची लाल खूण मुलापर्यंत पोचते, पण तोवर त्याला ते गणित आठवतही नसतं.

मी घाटंजीकडे शिकवत होते तेव्हा लग्नपत्रिकांचे पाठकोरे तुकडे कापून ठेवायची. पुढे गणित, मागे उत्तर. मूल पाटीवर सोडवतं, पत्रिका उलटवतं, तिथल्या तिथे कळतं. तोवर मी चौथीकडे मोकळी. ५२ वजा २७ घ्या. तिसरीतली कितीतरी पोरं ३५ लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढतात. त्यांना सबंध गणित पुन्हा पुन्हा देऊन चूकच पक्की होते. म्हणून पहिला गठ्ठा असा करा की वजाबाकी करायचीच नाही, फक्त ‘हातचा लागतो का?’ एवढंच सांगायचं. दुसऱ्या गठ्ठ्यात दहा तुराट्यांची एक जुडी सुटी करून ५२ चे चार दशक बारा एकक मांडायचे, बस्स. तिसऱ्यात पूर्ण गणित. प्रत्येक पायरी इतकी लहान ठेवा की दहातली आठ-नऊ तरी बरोबर यावीत. बरोबर येणं हेच त्या वयात मोठं बक्षीस असतं आणि त्याचा कंटाळा येत नाही. शाबासकी देताना नुसतं ‘शाब्बास’ म्हणू नका. ‘हातचा घेतल्यावर पाचाचे चार केलेस, बरोबर’ असं म्हणा. काय पुन्हा करायचं ते त्याला त्यातून कळतं. तक्ता एकदम फाडू नका; गणिताच्या चांदण्या तेवढ्या हळूहळू विरळ करत न्या.

आता डबा वाजवणारा. तो वाईट का वागतो हे विचारू नका, वाजवल्यावर त्याला काय मिळतं ते पाहा. आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर टिपा : नेमका केव्हा वाजवतो? तुम्ही चौथीकडे वळलात की वाजवत असेल, तर त्याला तुम्ही हवे आहात, आणि तुमचं रागावणं हीच त्याची चांदणी आहे. गणित दिल्याबरोबर वाजवत असेल, तर त्याला गणितातून सुटका हवी आहे. मग त्याला आधीचा, सोपा गठ्ठा द्यावा लागेल. या दोन्ही कारणांना औषध एक नाही.

या सगळ्यात तुम्हीही बांधले गेले आहात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही ओरडता, दोन मिनिटं वर्ग चिडीचूप होतो, तुम्हाला बरं वाटतं. त्रासदायक आवाज थांबला म्हणून तुमचं ओरडणं पक्कं झालं. पुस्तकात याला ऋण प्रबलन म्हणतात. म्हणूनच उपयोग नसलेलं रागावणं वर्षानुवर्षं चालतं, आणि त्यात शिक्षकाचा स्वभाव वाईट असायची गरज नसते.

१९६८ मध्ये मॅडसन, बेकर आणि थॉमस या संशोधकांनी प्राथमिक वर्गांत पाहिलं, की नुसते नियम सांगून फारसा फरक पडत नाही. गोंधळाकडे काणाडोळा आणि चांगल्या वागण्याची दखल ही जोडी जमली तेव्हा वर्ग बदलला. दोन्ही एकत्र, हे विसरू नका. चौथीकडे वळण्याआधी, तो गप्प असतानाच, त्याच्याजवळ जा, पाटी पाहा, खांद्यावर हात ठेवा. पहिले काही दिवस डबा जास्त जोराने वाजू शकतो. आजवर मिळणारी गोष्ट बंद झाली की कधी कधी असं होतं. त्या दिवसांत एकदा जरी वैतागून ओरडलात, तर जास्त जोराने वाजवलं की सर येतात हे तो शिकेल, आणि अशी अधूनमधून फळणारी सवय सगळ्यात चिवट असते. हे फक्त आवाजापुरतं. तो कोणाला मारत असेल तर तिथल्या तिथे थांबवायचं.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे, अभ्यासाचं नावच घेत नाही. ‘गुरुजी, मारा पण शिकवा’ असं मी शाळेत सांगून आलो. गुरुजी म्हणाले, मारता येत नाही. आम्ही मार खाऊनच शिकलो ना? — एक पालक, मंगरूळपीर

उत्तर : भाऊ, गुरुजी बरोबर बोलले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी माराचा हिशेब जमत नाही. स्किनर यांनी १९३८ च्या ग्रंथात एक प्रयोग दिला आहे. उंदरांना कळ दाबली की खायला मिळायचं. मग खाणं बंद केलं, आणि काही उंदरांना सुरुवातीला कळ दाबल्यावर पंजावर फटका बसायचा. ते थोडा वेळ थांबले. पण फटके बंद झाल्यावर त्यांनी एकूण जवळपास तितक्याच वेळा कळ दाबली, जितकी मार न खाल्लेल्यांनी दाबली. मार जास्त कडक केला तर दडपण जास्त टिकतं, हेही पुढे दिसलं. पण अभ्यास कसा करायचा हे त्यातून कोणीच शिकत नाही. शिवाय भीती एका जागी राहत नाही. पुस्तकासमोर मार बसला की पुस्तकाचीच धास्ती बसते, मग शाळेच्या रस्त्याची, मग सकाळी पोट दुखायला लागतं. तुम्ही शिकलात भाऊ, पण तुमच्याच वर्गातले जे मार खाऊन शाळा सोडून गेले, तेही आठवून पाहा.

घरी असं करा. खेळायला जाण्याआधी त्याने तुमच्यासमोर बसून पुस्तकातल्या चार ओळी वाचायच्या. चारच. वाचल्या की लगेच सोडा, ‘आणखी वाच’ म्हणू नका. त्याला आवडणारं काम नावडत्या कामाच्या मागे ठेवायचं, ही मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेली रीत आहे आणि आपल्या आया ती आधीपासून वापरत आल्या आहेत. अडला तर शब्द तुम्ही सांगा. तुम्हाला वाचता येत नसेल तर नुसतं ऐका, बोट कुठल्या शब्दावर आहे ते पाहा. आणि गुरुजींना एवढंच विचारा, की त्याला अक्षरं सगळी ओळखता येतात का. दुसरीतलं मूल अभ्यास टाळतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तसं निघालं तर चार ओळींऐवजी रोज दोन अक्षरं धरा.