मुलाखतीच्या खोलीतून आधी आपण बाहेर पडा

प्रश्न: माझा मुलगा जळगावला संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इंटर्नशिपसाठी झालेल्या दोन ऑनलाइन मुलाखतींत त्याची निवड झाली नाही. दोन्ही वेळा मी शेजारी बसून त्याला खुणेने धीर देत होतो. घरी अहिराणी बोलतो, त्यामुळे त्याचे इंग्रजी कच्चे आहे. एक एजंट दीड लाखात इंटर्नशिपची हमी देतो. पैसे भरावेत, की मुलाला ‘गेट’ परीक्षेला बसवावे?
– एक पालक, पारोळा

उत्तर: आपल्या पत्रातील दीड लाखांपेक्षा ‘शेजारी बसून’ या शब्दांपाशी मी अधिक वेळ थांबलो. उमेदवाराची नजर वारंवार पडद्याबाहेर एकाच दिशेला जाऊ लागली, की कोणीतरी उत्तरे पुरवत असल्याचा संशय समोरच्याला येतो, आणि आपण केवळ धीर देत होतात हे त्याला कळणार कसे? मुलगा विषयात कमी पडला की आपल्या धाकाने गोंधळला, हे त्या दोन मुलाखतींवरून सांगताच येत नाही. पुढच्या वेळी दार ओढून घेऊन सरळ शेतात जा आणि परतल्यावर लगेच चौकशीही करू नका.

इंग्रजीचा मात्र आपण उगाच बाऊ केला आहे. कोडिंगच्या फेरीत साधे, तुटक इंग्रजी निभावते. गप्प बसणे महागात पडते. समजा, १ लाख कापूसगाठींची वजने देऊन, बेरीज ३४० किलो होईल अशा दोन गाठी शोधायला सांगितल्या. प्रत्येक जोडी तपासायची तर सुमारे ५०० कोटी जोड्या होतात. त्याऐवजी पाहिलेले वजन हॅश टेबलमध्ये, म्हणजे हवी ती नोंद चटकन सापडेल अशा तक्त्यात, नोंदवत, पुढच्या गाठीचे पूरक वजन, म्हणजे ३४० ला कमी पडणारे किलो, तिथे आहे का एवढेच पाहत गेले, तर यादीवरून एकच फेरी पुरते. अशी जोडीच नसेल तर काय उत्तर द्यायचे हे मुलाने आधी विचारले का आणि पहिली रीत संथ आहे हे स्वतःहून ओळखले का, याकडे मुलाखत घेणाऱ्याचे बारीक लक्ष असते. असा उलगडा त्याने रोज मोठ्याने करावा, सुरुवातीला आजीसमोर अहिराणीत केला तरी हरकत नाही.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. कामाचे पैसे उमेदवाराकडूनच मागितले जात असतील, तर ती इंटर्नशिप नसून विक्री आहे. गेट तिसऱ्या वर्षातही देता येते, पण ती एम. टेक. आणि काही सार्वजनिक उपक्रमांतील भरतीसाठी आहे, आणि तो निर्णय मुलाचा आहे.

आपल्या पत्रात मुलाचे स्वतःचे एकही वाक्य नाही. कोणते प्रश्न आले आणि तो नेमका कुठे अडला, हे त्यानेच मला लिहून कळवावे, आणि ते पत्र आपण वाचायला मागू नये.