घरी केलेला योउत्याओ आतून पोकळ का होत नाही?

तुम्ही विचारलंय की योउत्याओ, म्हणजे चिनी न्याहारीतली ती लांब, कुरकुरीत तळलेली कांडी, यीस्ट घालून घरी केली तर फुगत नाही, आतून गच्च राहते. मग यीस्ट वाढवू का?

यीस्ट वाढवू नका, काढूनच टाका. यीस्ट घालूनही करतात, पण मग जाळी बारीक पडते. योउत्याओच्या पोटात मोठमोठे पोकळ कप्पे हवेत आणि त्यासाठी बराचसा वायू तेलात गेल्यावर, पहिल्या काही सेकंदांत सुटायला हवा. चीनमध्ये हे काम पूर्वापार तुरटी, सोडा आणि मीठ या तिघांवर चालत आलंय. हो, आपल्याकडे दाढी झाल्यावर फिरवतात तीच तुरटी. ती सोड्याशी मिळाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण तुरटीतलं ॲल्युमिनियम पदार्थात राहतं, म्हणून घरी ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खुद्द चीननेही 2014 मध्ये खाद्यपदार्थांतल्या ॲल्युमिनियमयुक्त घटकांवरचे नियम कडक केले. बेकिंग पावडर घेतानासुद्धा डब्यावरचे घटक वाचा. 521 किंवा 541 हे ॲल्युमिनियमयुक्त घटकांचे क्रमांक दिसले तर दुसरी घ्या.

माझं प्रमाण असं: मैदा 300 ग्रॅम, बेकिंग पावडर 2 छोटे चमचे, खायचा सोडा पाव चमचा, मीठ 1 छोटा चमचा, 1 अंडं, तेल दीड मोठा चमचा आणि साधारण 140 मिली कोमट पाणी. अंडं नको असेल तर पाणी 175 मिलीपर्यंत जाईल. मैद्या-मैद्यात फरक असतो, म्हणून थोडं पाणी हातचं राखून ठेवा. आपला हात सवयीनं पुरीसारखं घट्ट पीठ मळतो आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. हे पीठ पुरणपोळीच्या कणकेसारखं सैल हवं. सुरुवातीला हाताला चिकटेल, पण वरून मैदा घालू नका. हाताला तेल लावून मुठीनं दाबा, घडी घाला, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पुन्हा दाबा. असं दोन-तीनदा केलं की गुळगुळीत होतं.

मग त्याची लांबट चपटी वडी करून तेलाचा हात लावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढून तास-दीड तास तसंच राहू द्या, थंड पीठ तेलात फुगत नाही. आणि आता काहीही झालं तरी पुन्हा मळू नका! रात्रभरात सैलावलेलं पीठ मळलं की परत ताठर होतं, ओढलं की आखडतं.

ओट्यावर अगदी थोडा मैदा भुरभुरून वडी हलक्या हातानं दाबत अर्धा सेंटीमीटर जाड, दहा सेंटीमीटर रुंद करा. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा. एका पट्टीवर मधोमध पाण्याचं बोट फिरवा, दुसरी तिच्यावर ठेवा आणि लाकडी काडीनं लांबीच्या दिशेनं मधोमध दाबा. फक्त मधोमध, कापलेल्या कडा एकमेकींना चिकटता कामा नयेत. दोन पट्ट्या कशासाठी? तेलात बाहेरची बाजू लगेच कडक होते, पण जिथे पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतात तिथे तेल पोचत नाही. तो भाग मऊ राहतो आणि वायूला, वाफेला पसरायला वाव मिळतो. एकच पट्टी तळून बघा, फरक लगेच दिसेल. लोककथेत या जोडीचं कारण वेगळंच आहे: 1142 मध्ये सेनापती युए फेइला मारवणारा मंत्री छिन ह्वेइ आणि त्याची बायको यांना लोकांनी पिठाचं करून तेलात तळलं म्हणे.

तेल खोल आणि चांगलं तापलेलं हवं, 200 अंशांच्या आसपास. पिठाचा तुकडा टाकला की क्षणात वर आला पाहिजे. शांघायमध्ये राहत असताना कोपऱ्यावरच्या टपरीवर मी रोज बघायचे: बाई पट्टीची दोन्ही टोकं धरून ती अलगद ओढायची, आधी मधला भाग तेलाला टेकवायची, मग टोकं सोडायची आणि लांब काड्यांनी लगेच गोल-गोल फिरवायला लागायची. हे फिरवणं सोडू नका, नाहीतर एक बाजू कडक होऊन दुसरी फुगायची राहते. आपली कढई लहान, म्हणून पट्टी वीतभरच ओढा आणि एका वेळी दोनच सोडा. मिनिट-दीड मिनिटात सोनेरी होतात.

तिथे तो सोयाबीनच्या गरम दुधात बुडवून खातात, किंवा मऊ शिजवलेल्या चिकट भातात गुंडाळून. दक्षिण चीनमध्ये, कँटनकडे, तांदळाच्या पातळ पेजेवर तुकडे घालतात, मला तो प्रकार सगळ्यांत आवडतो. दूध गोड की खारं यावर मात्र घराघरात वाद; खाऱ्या दुधात सोया सॉस, व्हिनेगर आणि कांद्याची पात असते, एकदा जरूर करून बघा.

उरलेले योउत्याओ मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात. 180 अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवा, पुन्हा कुरकुरीत होतील.